धाप

तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर तिला धाप लागली. लिफ्ट बंद होती, दाराला सुतळीने पुठ्ठा टांगलेला होता आणि सकाळच्या गर्दीत सगळेच कुरकुरत जिना चढत होते. ती कुरकुरली नव्हती. जिना म्हटल्यावर तिचे पाय आपोआप पुढे झाले होते आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत मुकाट्याने आलेही होते. मग छातीत काहीतरी वर सरकलं, गळ्याशी येऊन थांबलं, आणि तिला कठडा धरावा लागला. कठडा गार होता, तळहाताला घाम होता. खालून तिच्या कारखान्यातले हिशेबनीस येत होते. साठीला टेकलेले, एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, दर पायरीला तोंडाने फूस फूस. तिच्याजवळ पोचल्यावर ते थबकले आणि अगदी मायेने म्हणाले, "काय हो, तुम्हीसुद्धा?" तिने हसून बुटाची नाडी सुटल्यासारखं केलं आणि खाली वाकली. बुटाला नाडी नव्हती. हिशेबनिसांच्या ते लक्षात आलं नसावं, किंवा आलं असेल तर त्या भल्या माणसाने ते पोटात ठेवलं. ते फूस फूस करत वर गेले. ती वाकलेलीच राहिली, आणि वाकल्यावर धाप कमी व्हायच्या ऐवजी वाढते आहे हे तिला कळलं.

'तुम्हीसुद्धा' हा एक शब्द दिवसभर तिच्या टेबलावर बसून राहिला. औषधांची खोकी छापणारा कारखाना होता तो, आणि तिचं काम नमुने तपासायचं. गोळ्यांच्या खोक्यावरचा निळा कालच्या निळ्याशी जुळतो का, मुदतीची तारीख घडीवर तर येत नाही ना, बारीक अक्षरांतलं एखादं टिंब शाईत बुजलं नाही ना. डोळ्याला भिंग लावून ती तासन्‌तास बसे. मालकाने तिला घेतलं होतं ते तिच्या जुन्या लौकिकावर. गिऱ्हाईक आलं की तो सांगायचा, या आमच्या धावपटू, परदेशात धावून आल्यात. आणि गिऱ्हाईक हटकून टेबलाखाली तिच्या पायांकडे बघायचं. तळमजल्यावर यंत्र सुरू झालं की त्याचा ठोका जमिनीतून वर येई, टेबलाच्या पायांतून तिच्या कोपरांपर्यंत. एरवी तिला तो ऐकूही येत नसे. त्या दिवशी मात्र ती भिंग हातात धरून यंत्राचा ठोका आणि आपला ठोका वेगळा करू पाहत होती, आणि ते काही केल्या जमत नव्हतं. आपल्या छातीतलं नेमकं कुठलं आणि तळमजल्यावरचं कुठलं, याचा पत्ताच लागेना.

धाप तशी तिची जुनी ओळखीची. पंधराएक वर्षं तिने धापेवरच पोट भरलं होतं. टेकडी चढतानाची धाप वेगळी, ती पोटऱ्यांतून वर येते. थंडीतल्या सकाळी येते ती घशाला तासते. आणि शर्यतीच्या शेवटची धाप तर दातांत येते, कानांत येते, जिभेवर गंजलेल्या खिळ्याची चव येते आणि गुडघ्यांवर हात टेकून उभं राहिलं की डोळ्यांपुढचं गवत जवळ येतं, लांब जातं. त्या सगळ्या धापा तिने कमावलेल्या होत्या. कष्टाने मिळवायच्या आणि थोड्या वेळात परत करायच्या, असा तो व्यवहार होता. जिन्यावरची ही धाप फुकटची होती. काही न करता आलेली, आणि कुणाकडून आली ते न सांगणारी.

तिला बाविसावं वर्ष आठवलं. पहिल्यांदा परदेशी जायच्या आधीची तपासणी. तरुण डॉक्टरने तिच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा बोटं ठेवली आणि त्याचा चेहराच उतरला. ठोके इतके सावकाश, की आजारी माणसाचे असावेत तसे. त्याने तिला मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. सोबत सर होते. तिचे प्रशिक्षक, एके काळी अडथळ्यांच्या शर्यती धावलेले, आता पोट सुटलेले, आणि त्या दिवशी तोंडचं पाणी पळालेले. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर तिचं हृदय पाहिलं आणि ते चक्क हसले. म्हणाले, अहो, हा आजार नाही, ही कमाई आहे; इतकी वर्षं धावून धावून या मुलीचं हृदय मोठं झालंय, एका ठोक्यात दोघींचं रक्त ढकलतं, म्हणून निवांत असतं. सरांचा जीव भांड्यात पडला. परतताना त्यांनी तिला फळांचा रस पाजला आणि पुढे महिनाभर भेटेल त्याला तिच्या हृदयाविषयी सांगितलं, एखाद्याने नव्या मोटारीविषयी सांगावं तसं. पण निघताना दारापाशी मोठे डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले होते, ते सरांनी कुणाला सांगितलं नाही आणि ती कधी विसरली नाही. ते म्हणाले, "सोडशील तेव्हा एकदम सोडू नकोस. हळूहळू उतर." बाविसाव्या वर्षी या वाक्यातलं 'सोडशील' तिला दुसऱ्या कुणालातरी उद्देशून वाटलं होतं.

आठशे मीटर. मैदानाच्या दोन फेऱ्या. शंभर मीटरवाल्यांचं सगळ्यांना नवल, लांब पल्ल्याच्या चिवटपणाचं सगळ्यांना कौतुक. मधल्या अंतरवाल्यांना नातेवाईक विचारतात, म्हणजे नेमकं काय करतेस तू? सर म्हणायचे, पहिली फेरी डोक्याने धाव आणि दुसरी निलाजरेपणाने. डोकं तिला होतं. निलाजरेपणा यायला फार वर्षं लागली, आणि आला तेव्हा पायांतला जोर उतरणीला लागला होता. एका मोठ्या अंतिम शर्यतीत ती कोंडली गेली होती. पुढे एक, उजवीकडे एक, डावीकडे मैदानाची कड, मागून कुणाचातरी श्वास मानेवर. उजवीकडचीच्या केसांना साबणाचा वास येत होता. शर्यतीतलं बाकी सगळं पुसट झालं तरी तो वास राहिला. शेवटच्या वळणावर दोन पावलांपुरती फट पडली. ती तिला दिसली, स्वच्छ दिसली, आणि ती पाहीपर्यंत मिटलीही. ती पाचवी आली. पाचवी म्हणजे वाईट नाही, असं विमानतळावर आलेल्या चौघांनी तिला सांगितलं, आणि चौघांनी सांगावं लागलं यावरूनच काय ते कळत होतं. नंतरची वर्षं तिने दुसऱ्यांना वेग धरून दिला. आयोजक पैसे देत. पहिली फेरी आणि वर थोडं ठरलेल्या वेगाने पुढे धावायचं, मागच्या नामांकित बाईला वारा लागू द्यायचा नाही, आणि मग निमूटपणे बाजूला व्हायचं. बाजूला झाल्यावर गवतावर उभं राहून ती टाळ्या ऐकायची. त्यात तिचं काही नसायचं. हॉटेलच्या खोल्या मात्र चांगल्या असत, खिडकीत कुठलंतरी शहर असे, आणि सकाळी उठल्यावर आपण नेमक्या कुठल्या गावात आहोत हे आठवायला पडद्याचा रंग बघावा लागे.

आणि मग तिने सोडलं. हळूहळू वगैरे काही नाही. धुक्याची सकाळ होती, मैदानावर सरांशिवाय कुणी नव्हतं. ठरलेल्या फेऱ्यांपैकी बऱ्याच झाल्या होत्या. ती वळणावर आली, ते वळण तिने पाहिलं, आणि हे आपण पुरेसं पाहिलं आहे असं तिला वाटलं. एवढंच. ती थांबली, गवत ओलांडून पिशवीपाशी चालत गेली, स्वेटर घातला आणि निघाली. सर पलीकडे घड्याळ हातात धरून उभे होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. दुखापत झाली का, विचारलं. नाही म्हणाली. घरी काही? नाही. ते "बरं" म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या 'बरं'चा तिला नंतर कितीतरी दिवस अर्थ लावता आला नाही, आणि त्याच्याहून जास्त, स्वतःच्या थांबण्याचा. लोकांना सांगायला तिने गुडघा पुढे केला. गुडघ्याने कधी तक्रार केली नाही.

त्याला आता चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत ती बस पकडायलाही धावली नव्हती. आणि आता ही धाप. तिच्या मनाने दोन गोष्टी पटकन जुळवल्या आणि घट्ट बांधून टाकल्या: एवढं मोठं हृदय आपण वाढवलं आणि एका सकाळी वाऱ्यावर सोडून दिलं. ते आत पडून पडून सैल झालं असणार. मोठमोठ्या समारंभांसाठी बांधलेलं सभागृह असावं आणि त्यात आता एकटा रखवालदार चकरा मारत असावा, तसं ते तिला आत दिसे. त्यात वडील आठवत. वडील शाळेत शिकवायचे. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिताच ते गेले. वाक्य अर्धं राहिलं होतं आणि मुलांना वाटलं, सर पुढचं आठवताहेत. तेव्हा त्यांचं जे वय होतं तेच आता तिला लागलं होतं. वडील जन्मात कधी धावले नव्हते, तरी हृदय थांबून गेले. तिच्या मनाने याचाही हिशेब तिच्याच विरुद्ध मांडला.

तिने कुणाला सांगितलं नाही. लिफ्ट सुरू झाली तरी पोचायचं तिथे जिने होतेच, पूल होते, चढ होते. चढावर ती मोबाइल कानाला लावून थांबे आणि कुणाशी तरी हो हो करी. मैत्रिणींबरोबर चालताना दुकानांच्या काचांपुढे रेंगाळे. तिला अचानक कपड्यांची आवड लागली असं त्यांना वाटलं. नवऱ्याला सांगायचं तर तोंड उघडेना. तो फ्रिज दुरुस्त करायचा. दारातून आत शिरताच, अजून पिशवीही खाली ठेवली नसताना, फ्रिजच्या घरघरीवरून तो बिघाड ओळखे, आणि घरच्या फ्रिजचा आवाज मात्र तिनेच दहादा सांगितल्यावर त्याला ऐकू येई, यावरून त्यांची कायमची थट्टा चाले. त्याने तिला धावताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्याशी ओळख झाली ती धावणं सुटल्यावर, एका बंद पडलेल्या फ्रिजमुळे. तिच्या जुन्या आयुष्यातलं काही त्याच्या अंगावर घालावं असं तिला वाटत नव्हतं. अंथरुणावर पडली की कानाखाली, जबड्याच्या कडेला, ती दोन बोटं ठेवी. मोजत नसे. मोजायची भीती वाटे. नुसती बोटं ठेवून, पुढचा ठोका येतो का, एवढंच बघे; तो येई; मग त्याच्या पुढचा. आईला तर कळू द्यायचं नव्हतंच. आई भावाकडे असे, आणि फोनवर तिचा आवाज ऐकून काय बिनसलंय ते सांगे, म्हणून ती फोन लवकर आवरता घेई.

तीन महिने असे गेल्यावर एके दिवशी पाव आणायला खाली उतरून परत वर येताना तिला घराच्या दाराशी बसावं लागलं. स्वतःच्या दाराशी, पायपुसण्यावर. आतून नवरा कुणाला तरी फोनवर पत्ता विचारत होता. आपण इथे अशा बसलोय आणि हा आत पत्ता विचारतोय, याचं तिला हसू आलं, आणि हसायलाही श्वास पुरला नाही. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. नवऱ्याची सुट्टी होती, त्याला कामावर जाते म्हणाली आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर बाई होत्या, तिच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेला आणि तोच चष्मा टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी आधी हाताची नस टोचून रक्त काढवलं, मग तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. छातीवर गार चिकट काहीतरी पडलं, बरगड्यांच्या मधून यंत्राचं टोक दाबत फिरायला लागलं. पडदा तिच्या पाठीमागे होता. तिच्यासमोर नुसती भिंत, भिंतीवर बंद घड्याळ. मध्येच डॉक्टरांनी आवाज सुरू केला आणि खोली भरून गेली. ओल्या कपड्यांचे फटकारे मारावेत तसा आवाज, एकामागून एक, घाईचा. इतका घाईचा तो तिने पूर्वी ऐकलेला नव्हता. मग आवाज बंद झाला. कळ दाबल्याचा टक, मग शांतता, मग टक. शर्यतीआधीच्या खोलीत असतं तसं झालं: सगळं शरीर जागच्या जागी आणि आत मात्र कुणीतरी खुर्च्या ओढतंय. तिच्याने राहवेना.

"मी धावायचे," ती भिंतीला म्हणाली.

"हो? किती अंतर?"

"आठशे. माझं हृदय मोठं आहे. म्हणजे होतं तेव्हा. हळूहळू सोड म्हणून सांगितलं होतं मला. मी एकदम सोडलं."

डॉक्टरांनी टोक आणखी दोन ठिकाणी दाबून बघितलं. मग त्यांनी हात काढला आणि पडदा तिच्याकडे फिरवला. करड्या, पाणावलेल्या अंधारात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

"मोठं कुठाय?" डॉक्टर म्हणाल्या. "बघा ना. चांगलं चारचौघींसारखं आहे."

तिला कळलंच नाही. तिने पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि मुलाला समजवावं तसं सांगितलं की मोठं होतं ते काम होतं म्हणून. काम संपलं, त्याने आवरतं घेतलं. वर्ष-दोन वर्षांतच घेतलं असणार. हळूहळू उतर म्हणाले ते त्या वेळी चक्कर येऊ नये, उदास वाटू नये म्हणून, आणि ती वेळ तर केव्हाच टळली. "हृदयाला माणसापेक्षा अक्कल असते," त्या म्हणाल्या, "ते उगाच आठवणी काढत बसत नाही."

"मग धाप?"

डॉक्टरांनी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली, दुसरी ओढली. पाळी कशी आहे विचारलं. वर्षभर फार जातं, दहा-दहा दिवस, असं ती म्हणाली. मग हे आल्या आल्या का नाही सांगितलं? तिला खरंच प्रश्न पडला, म्हणाली, त्याचा हृदयाशी काय संबंध? तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. तासाभराने रक्ताचा निकाल आला तोही तेच सांगत होता. अंगात रक्त निम्म्यावर आलेलं. लोहाच्या गोळ्या, बायकांच्या डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी, आणि पोटभर जेवा म्हणून दटावणी. बाकी काही नाही. छातीवरचं ते चिकट पुसायला दिलेल्या कागदाने ती कितीतरी वेळ कोरडी जागाच पुसत राहिली होती, हे तिला रस्त्यावर आल्यावर कळलं. कागद अजून मुठीत होता.

रस्त्यावर ऊन होतं. माणसं आपापल्या कामाला चालली होती, एक बाई फुटपाथवर खुर्ची टाकून किल्ल्या घासत होती, एक म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसून मोसंबं सोलत होता. ती बसथांब्याच्या बाकावर बसली. बसेस आल्या, थांबल्या, गेल्या. तिला कुठल्याच बसमध्ये चढायचं नव्हतं. चारचौघींसारखं. लहानपणी आई हेच म्हणायची. पहाटे उठून धावायला निघाली की दारात उभी राहून म्हणायची, जरा चारचौघींसारखी राहा ना गं. ती हट्टाने राहिली नाही. पंचवीस वर्षं झगडून राहिली नाही. आणि इकडे हृदयाने कुणाला न विचारता, न सांगता, आईचं ऐकून टाकलं होतं. आता याचं वाईट वाटायला हवं, असं मनात येऊन तिने बाकावर बसल्या बसल्या दुःख शोधून पाहिलं. होतं. चिमूटभर होतं, एका कोपऱ्यात. जे तिच्याजवळ खास होतं, ज्यावर सर महिनाभर खूश होते, ते आता नव्हतं, आणि गेलं तेव्हा तिला पत्ताही नव्हता. पण त्या दुःखाभोवती इतकी मोकळी जागा होती की ते तिथे बसून राहणंही अवघड झालं. धुक्यातली ती सकाळ तिने आठवून पाहिली, वळण, गवत, स्वेटर, आणि ती पहिल्यांदाच दचकली नाही. थांबली होती. बास. आपण कुणाचा खून करून पळालो नव्हतो. सरांचं ते 'बरं'सुद्धा तिला आता वेगळं ऐकू आलं. म्हातारा माणूस खरंच बरं म्हणाला असेल. मग तिला भूक लागली. तीन महिन्यांत लागली नव्हती अशी, पोटाला चिमटा काढणारी. कोपऱ्यावरच्या टपरीत तिने दोन अंडी आणि चार पाव मागवले, ते संपवले आणि आणखी दोन पाव मागवले. वेटर बघत राहिला.

घरी आली तेव्हा नवरा ओट्याशी उभा होता, बाही कोपरापर्यंत वर केलेली, भांडी घासत. कामावरून दुपारीच परत कशी, हे त्याने विचारलं नाही. नळ चालू ठेवून नुसतं वळून पाहिलं. तिने वाटेत काय काय मनात जुळवलं होतं, कुठून सुरुवात करायची ते. त्यातलं काही आठवलं नाही.

"मी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले होते."

त्याने नळ बंद केला. "मग?"

"हृदयाला काही नाही. रक्त कमी आहे. गोळ्या दिल्यात."

"नक्की?"

"नक्की. यंत्राने बघितलं. मीही बघितलं."

त्याने हात पुसले. फडकं दोरीवर टाकलं, ते खाली पडलं, त्याने उचललं नाही. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि जमिनीकडे बघत बोलायला लागला. एवढं सलग तो सहसा बोलत नसे. म्हणाला, तू मानेवर बोटं ठेवून झोपायचीस ते मला दिसायचं. विचारलं असतं तर तू गुडघा नाहीतर आणखी काहीतरी सांगितलं असतंस. मी वाट बघायचो. झोप लागली की तुझा हात आपोआप खाली पडायचा. तो पडला की मग मी डोळे मिटायचो. "कधीकधी पडायचाच नाही," तो म्हणाला. "मग मी तसाच कामावर जायचो. परवा एकाच्या फ्रिजची वायर उलटी जोडून आलो."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं नंतर बोलता येईल असं तिला वाटलं, आणि 'नंतर' या शब्दाला आज काही धोका नव्हता. तिने त्याच्या केसांत हात घातला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते येऊ दिलं. तो दोन मिनिटं पाठ टेकतो म्हणाला, बाहेरच्या खोलीत गेला आणि खाटेवर आडवा झाला. उशी घेऊन ती मागोमाग गेली तोवर तो झोपलाही होता. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबणारा, आणि घोरणं असं की खिडकीची काच हादरावी. इतका गाढ झोपलेला माणूस तिने पाहिला नव्हता. शर्यत संपवून गवतावर पडणाऱ्या बाया तिने पाहिल्या होत्या, पण त्यांनाही असं पडता येत नसे.

त्याचा फोन वाजला. तो हललाही नाही. तिने फोन उचलून खिडकीपाशी नेला. पलीकडे एक बाई होत्या, भलत्याच घाईत. त्यांचा फ्रिज सकाळपासून थंड होत नव्हता, दूध नासणार होतं, पाहुणे येणार होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ते झोपलेत.

"या वेळेला? मग उठवा ना जरा," बाई म्हणाल्या.

"नाही उठवणार," ती म्हणाली. "दूध तापवून ठेवा. उद्या सकाळी येतील ते."

बाई आणखी काही म्हणत होत्या. तिने नम्रपणे फोन बंद केला, खिडकीचा पडदा ओढला आणि खाटेच्या कडेला जमिनीवर बसली, पाय पसरून, पाठ खाटेला लावून. घोरण्याचा आवाज तिच्या पाठीतून आत येत होता. थोड्या वेळाने तिला जांभई आली, जबडा दुखेल एवढी मोठी, आणि ती आवरायचं काही कारण नव्हतं.